येणाऱ्याला वाट विचारावी लागू नये: सोपी वेबसाइट कशी बांधावी

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत काय बोललं जाईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. रंग भगवा ठेवायचा की निळा, संस्थापकांचा फोटो डावीकडे की उजवीकडे, पहिल्या पानावर फोटो आपोआप सरकते हवेत, अध्यक्षांचं मनोगत तर हवंच. सगळे मनापासून बोलतात, कारण संस्थेवर त्यांचा जीव असतो. पण एक प्रश्न बहुतेक वेळा निघतच नाही: या साइटवर येणार कोण आणि कशासाठी?

येणारी माणसं डोळ्यांसमोर आणून बघू. कारेलीबागेतल्या एका आईला मुलीचं नाव गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धेत द्यायचंय आणि शेवटची तारीख बघायचीय. पुण्याच्या एका कुटुंबाला मुंजीसाठी सभागृह हवंय. भाडं किती, एका पंगतीला किती पानं बसतात, स्वयंपाकघर वापरू देतात का, हे त्यांना विचारायचंय. एका निवृत्त गृहस्थांना वाचनालय सोमवारी उघडं असतं का एवढंच हवंय. कॅनडात राहणाऱ्या मुलाला वडिलांच्या नावे देणगी पाठवायचीय. चौघांपैकी कुणालाही आत्ता या घडीला अध्यक्षांचं मनोगत नकोय. प्रत्येक जण एक काम घेऊन आलाय आणि ते उरकून जाणार आहे. ते काम थोड्या वेळात, डोक्याला फारसा ताण न देता होऊ देते ती सोपी वेबसाइट. रंग, फोटो, अक्षरं, मांडणी सगळं यानंतर येतं आणि यावरूनच ठरतं.

लोक कोणती कामं घेऊन येतात हे शोधायला पैसे पडत नाहीत. कार्यालयात फोन उचलणाऱ्या माणसाला विचारा, गेल्या महिन्यात लोकांनी काय काय विचारलं? तो न थांबता सांगेल. वेळ, भाडं, तारीख, पत्ता, पार्किंग. दवाखाना असेल तर डॉक्टर कधी बसतात आणि नंबर लावावा लागतो का. क्लास असेल तर फी आणि बॅचची वेळ. ही यादी कागदावर लिहा आणि ज्याची विचारणा जास्त ते वर घ्या. साइटचा पहिला आराखडा तयार झाला. हे काम संगणक उघडण्याच्या आधीचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही हेच.

कुठे काय ठेवायचं

बडोद्याच्या माणसाला मांडणीचं महत्त्व समजवायला लांब जावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून घेतलं. बॉर्डन इथे जेमतेम तीन वर्षं होते. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत आखली, ती चालवणारी माणसं तयार केली. संस्थानातल्या गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवणारी फिरती ग्रंथालयंही त्याच चळवळीतली. राजवाड्यातला संग्रह आधीही मोठाच होता, पण तो सामान्य वाचकाच्या हाती लागायचा तर कुणीतरी वाचकाच्या बाजूने विचार करून त्याची रचना करायला हवी होती. पुढे १९३१ मध्ये भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतलं चौथं आहे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’. वेबसाइट बांधणाऱ्याने हे एक सूत्र भिंतीवर लावलं तरी अर्धं काम होईल.

वेबसाइटचा मेनू म्हणजे कपाटांवरच्या पाट्या. आणि पाट्या लिहिताना बहुतेक संस्था आपल्या कारभाराची भाषा वापरतात: ‘उपक्रम’, ‘विभाग’, ‘समित्या’, ‘विविध’, ‘इतर’. आतल्या माणसाला त्यामागे काय आहे ते पाठ असतं. बाहेरून आलेल्याने सभागृहाचं भाडं कुठे शोधायचं? उपक्रमांत की विभागांत? त्याऐवजी पाटीवर सरळ ‘सभागृह आरक्षण’, ‘स्पर्धेत नाव द्या’, ‘वाचनालयाची वेळ’, ‘देणगी’ असं लिहावं. ‘इतर’ नावाची पाटी तर लावूच नये, कारण आपल्याला हवी ती गोष्ट ‘इतर’ आहे असं कुणालाच वाटत नाही.

पाट्या ठरवायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. साइटवर जे जे येणार त्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी करायची. संस्थेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना, एकेकट्याला, त्या टेबलावर पसरून द्यायच्या आणि सांगायचं की जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या. आपण गप्प बसून बघायचं. आपण वेगवेगळ्या विभागांत टाकलेल्या दोन गोष्टी लोक बिनदिक्कत एकाच गठ्ठ्यात ठेवतात. गठ्ठ्याला दिलेलं नाव त्यांच्या बोलण्यातलं असतं. तेच मेनूत घ्यायचं.

मोबाइलवर मेनू बहुधा तीन आडव्या रेघांच्या चिन्हाआड असतो. हे चिन्ह नॉर्म कॉक्स या डिझायनरने १९८१ च्या झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलं होतं. जागा वाचते म्हणून पुढे ते मोबाइलवर सगळीकडे आलं. रोज दहा अ‍ॅप वापरणाऱ्या मुलाला ते ओळखीचं असतं. वयस्कर माणसाला तो नुसता नक्षीचा भाग वाटू शकतो. म्हणून ती तीन-चार मुख्य कामं रेघांआड न ठेवता पहिल्या पानावरच ठळक बटणांनी द्यावीत. आणि रेघांशेजारी ‘मेनू’ असं लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

फोटोतली अक्षरं

आपल्याकडच्या साइट्सचा सगळ्यात मोठा दोष कोणता असं विचारलं तर मी एकच सांगेन: पोस्टर. कार्यक्रमाचं सुंदर पोस्टर तयार होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि तेच उचलून साइटवर टाकलं जातं. त्यात तारीख, वेळ, स्थळ, नियम, फोन नंबर, सगळं असतं. पण ती अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. फोनवर ते आक्रसून इतकं बारीक होतं की नियम वाचता येत नाहीत. नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. गूगलवर शोधणाऱ्याला ते सापडण्याची खात्री नसते. अंध व्यक्तीचा फोन पान वाचून दाखवताना तिथे नुसतं ‘इमेज’ म्हणून पुढे जातो. गुजराती सुनेला ते ब्राउझरमधून भाषांतर करून वाचता येत नाही. पोस्टर शोभेसाठी खुशाल लावा, पण त्यातला मजकूर खाली साध्या अक्षरांत टाइप केलेला हवा. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच.

आता मजकूर टाइप केला, पण मराठीत वाचायला सोपा आहे का? इंग्रजी साइटचा साचा घेऊन त्यात मराठी ओतली की काही गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे ओळींमधलं अंतर. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. इंग्रजीला पुरणारं अंतर मराठीत इतकं कमी पडतं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट ओळीची उंची ठेवली की मजकूर मोकळा होतो. दुसरी गोष्ट आकार. एकाच मापात देवनागरी बऱ्याच फाँटमध्ये रोमनपेक्षा लहान दिसते, त्यामुळे इंग्रजीला सोळा पिक्सेल पुरत असतील तर मराठीला अठरा द्यावेत. तिसरी, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी शीर्षकांना ते शोभतं, पण मराठीत त्याने शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. हे कधीच करू नये.

आणखी एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पानाच्या कोडमध्ये वरच भाषा लिहिलेली असते. बहुतेक साच्यांत ती इंग्रजी असते आणि तशीच राहते. तिथे मराठीचा संकेत दिला तर दोन गोष्टी होतात. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. एरवी इंग्रजी आवाज मराठीशी झटापट करत बसतो. आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे दिसतात. एका शब्दाचा बदल आहे, साइट करणाऱ्याला सांगितला तर मिनिटभरात होतो.

रंगांचं सांगायचं तर फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर टाकायची फॅशन आहे, ती वाचणाऱ्यावर अन्याय करणारी आहे. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुलभतेच्या नियमांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हे मोजणारी फुकट साधनं आहेत. मे महिन्याच्या दुपारी रावपुऱ्यात उन्हात उभं राहून फोन बघा, हा नियम का आहे ते लगेच कळेल. भगव्यावर पांढरी अक्षरं बहुतेक वेळा या कसोटीत नापास होतात. भगवा हवाच असेल तर त्यावर काळी किंवा गडद तपकिरी अक्षरं घ्यावीत.

लोक साइट वाचत नाहीत, चाळतात. नजर शीर्षकांवरून आणि ओळींच्या सुरुवातीच्या शब्दांवरून घसरत खाली जाते. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी आला पाहिजे. ‘सर्व सभासदांना कळविण्यात आनंद होतो की’ इथून सुरू होणाऱ्या वाक्यात तारीख तिसऱ्या ओळीत जाते. ‘नाव देण्याची शेवटची तारीख: २५ ऑगस्ट’ एवढं पुरतं. आनंद खाली कळवता येईल.

बडोद्याची म्हणून एक वेगळी गरज आहे. इथल्या मराठी घरात आजी मराठी वाचते, आईचं शिक्षण गुजरातीत झालेलं असतं आणि नातू इंग्रजी शाळेत असतो. एकाच घरातले तिघे एकच साइट तीन भाषांत मागू शकतात. सगळं तीन भाषांत करणं छोट्या संस्थेला झेपत नाही आणि अर्धवट केलेलं तर दिशाभूल करतं. निदान ती मुख्य कामं तिन्ही भाषांत द्यावीत. भाषा बदलायचं बटण वरच दिसेल असं ठेवावं आणि त्यावर प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहावं, म्हणजे गुजराती वाचणाऱ्याला गुजराती अक्षरं दिसतील.

शेजारी बसून बघणं

आपण बांधलेली साइट सोपी आहे की नाही हे आपल्याला कधीच कळू शकत नाही. आपल्याला ती पाठ असते. ते कळायचा एकच मार्ग: दुसऱ्याला वापरायला देऊन शेजारी बसणं.

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका काकूंना मी एका मंडळाच्या साइटवर एक काम दिलं होतं. “काकू, तुमच्या नातवाचं नाव चित्रकला स्पर्धेत द्यायचंय असं समजा.” एवढंच सांगितलं, बाकी काही नाही. त्यांनी फोन हातात घेतला. त्यात अक्षरं मोठी करून ठेवलेली होती, त्यामुळे साइटचं शीर्षक तुटून चार ओळींत गेलं होतं. वरचे फोटो सरकत होते. त्यात चित्र काढणाऱ्या मुलांचा फोटो आला, तसं त्यांनी त्यावर बोट ठेवलं. तोवर फोटो सरकून पुढचा आला होता. त्या तो परत यायची वाट बघत थांबल्या. परत आला, दाबला, काही झालं नाही, कारण तो नुसता फोटो होता. मग खाली सरकत गेल्या. ‘कार्यक्रम’ दिसलं, आत जुन्या कार्यक्रमांचे फोटो निघाले. मागे आल्या. तीन रेघांकडे त्यांची नजर एकदाही गेली नाही. शेवटी ‘सूचना’ सापडली, त्यावर दाबलं. पीडीएफ डाउनलोड झाली, पण पानावर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, “मला नाही बाई जमत हे. मी सरळ फोनच करते ना.”

काकू घरातले सगळे हिशोब फोनवरून करतात, लाइट बिल फोनवरून भरतात. ‘मला जमत नाही’ हे वाक्य ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण साइट चुकलेली असते आणि दोष माणूस स्वतःला देतो. असे लोक तक्रार करत नाहीत. गुपचूप निघून जातात आणि संस्थेला वाटतं की स्पर्धेला प्रतिसाद कमी आहे.

या बघण्याचे नियम थोडे आहेत पण पाळायला अवघड. काम सांगायचं, बटणाचं नाव सांगायचं नाही. ‘स्पर्धेवर क्लिक करा’ म्हटलं की परीक्षेचं उत्तर सांगून झालं. त्यांना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. अडकल्या तर मदत करायची नाही, थोडी कळ काढायची. ‘इथे काय होईल असं वाटतंय?’ असं विचारता येतं. शेवटी ‘साइट आवडली का?’ हा प्रश्न टाळावा. आपल्याकडे समोरच्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या काय म्हणाल्या यापेक्षा बोट कुठे थांबलं ते लिहून ठेवावं.

किती माणसं लागतात? या क्षेत्रातले जुनेजाणते संशोधक जेकब नील्सन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच जणांना बसवलं तरी बहुतेक ठळक अडचणी समोर येतात. पंधरा जणांना एकदाच बसवण्याऐवजी पाच जणांना बसवा, दुरुस्त करा, पुन्हा पाच जणांना बसवा. अर्थात पाचही जण कॉलेजचे मित्र असतील तर उपयोग नाही. त्यात एक आजोबा हवेत, एक स्वस्त फोनवाला हवा, शहर नवीन असलेला एक हवा.

त्या साइटवर पुढे सरकते फोटो निघाले, चार मोठी बटणं आली. काकूंना पुन्हा बसवलं तेव्हा त्या न अडखळता फॉर्मपर्यंत पोहोचल्या. आणि तिथे जन्मतारखेला अडकल्या.

फॉर्म

जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडत होतं, आणि ते चालू महिन्यावर उघडत होतं. नातू दहा वर्षांचा. काकू मागच्या बाणावर एकेक महिना दाबत मागे निघाल्या. वर्षावर दाबलं की वर्षांची यादी येते हे त्यांना कसं कळावं? जन्मतारखेला दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे चौकोन सगळ्यात सोपे. कॅलेंडर पुढच्या आठवड्यातली तारीख निवडायला ठीक. पण त्याहून मोठा प्रश्न हा की चित्रकला स्पर्धेला जन्मतारीख कशाला हवी? गट इयत्तेवरून ठरतात, तर इयत्ता विचारा. फॉर्ममधला प्रत्येक चौकोन वाढला की काही माणसं गळतात. ज्या माहितीचं पुढे काही करणार नाही ती मागू नये. आधार क्रमांक तर असल्या कामाला अजिबात मागू नये.

भारतातल्या फॉर्मना एक खास आजार आहे. नावाच्या चौकोनात मराठीत नाव लिहिलं की ‘अवैध नाव’ असं लाल अक्षरांत येतं, कारण तपासणीचा नियम फक्त रोमन अक्षरं मान्य करतो. मराठी संस्थेच्या साइटवर मराठी नाव अवैध! मोबाइल नंबरचंही तसंच. मराठी कीबोर्डवरून ९८ असे आकडे आले की फॉर्म म्हणतो नंबर चुकीचा, कारण त्याला रोमन आकडेच कळतात. हे आकडे बदलून घेणं प्रोग्रामरच्या दृष्टीने दोन ओळींचं काम आहे. नंबरमध्ये मध्ये जागा सोडली, आधी शून्य किंवा +९१ लावलं, तरी फॉर्मने ते गुपचूप नीट करून घ्यावं. नंबरच्या चौकोनावर बोट ठेवताच फोनवर आकड्यांचा कीबोर्ड यावा, तीही एका शब्दाची सोय आहे.

चौकोनात काय लिहायचं ते चौकोनाच्या वर लिहावं. ते चौकोनाच्या आतच फिकट अक्षरांत लिहायची पद्धत सुटसुटीत दिसते, पण टाइप करायला लागलं की ती सूचना नाहीशी होते आणि मध्येच फोन वाजून परत आलेल्या माणसाला इथे वडिलांचं नाव हवं होतं की स्वतःचं, ते आठवत नाही. चूक झाली तर ती त्या चौकोनाजवळच दाखवावी आणि काय करायचं ते सांगावं: ‘मोबाइल नंबर दहा आकडी हवा, तुम्ही नऊ आकडे लिहिले आहेत.’ एका चुकीसाठी सगळा भरलेला फॉर्म कोरा करणं हा तर माणसाच्या वेळेचा अपमान आहे. आणि फॉर्म गेला की स्पष्ट सांगावं: नाव नोंदलं गेलं, पुढे अमुक तारखेला फोन येईल.

बटणाचा आकारही बघावा. १९५४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी दाखवून दिलं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका त्याच्यावर पोहोचायला वेळ जास्त लागतो. अ‍ॅपल बटणाला किमान ४४ बाय ४४ पॉइंट सुचवतं, अँड्रॉइड ४८ बाय ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापं). ‘पाठवा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं एकमेकांना चिकटून ठेवू नयेत.

देणगीच्या फॉर्ममध्ये आधीच टिक केलेला जास्तीचा चौकोन नको. माणसाच्या संमतीवाचून रक्कम वाढवणं, खोटी घाई लावणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं अशा तेरा फसव्या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. त्यात ग्राहकाला न विचारता बिलात देणगी घालण्याचाही उल्लेख आहे.

वेग

एक दशांश सेकंदात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या या मर्यादा आजही लागू आहेत, कारण त्या यंत्राच्या नाहीत, माणसाच्या आहेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे.

साइट जड होते ती बहुतेक फोटोंनी. कॅमेऱ्यातून आलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवला जातो आणि फोनवर तो चार बोटं रुंद दिसतो. आकार कमी करून चढवला तर तोच फोटो शंभर-दीडशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, पार्श्वसंगीत, चार प्रकारचे फाँट, हे सगळं काढता येतं. पान येत असताना मजकूर खालीवर उड्या मारू नये म्हणून फोटोची जागा आधीच राखून ठेवावी. नाहीतर दाबायला जावं ‘वेळ’ आणि दाबलं जातं ‘देणगी’.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा हलक्या पानाची किंमत काय असते ते समजलं. वीज नाही, नेटवर्क क्षीण, फोनची बॅटरी जपून वापरायची, आणि माणसाला एवढंच बघायचं असतं की दवाखाना आज उघडा आहे का. अशा वेळी नुसत्या अक्षरांचं पान येतं, फोटोंनी भरलेलं येत नाही. दवाखाना, औषधाचं दुकान, मदत करणारं मंडळ यांनी तरी पहिल्या पानाच्या वरच्या भागात फोन, वेळ आणि आजची सूचना साध्या अक्षरांत ठेवावी.

कुणालाही वगळू नये

अंध व्यक्ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच. तो चालू करून, डोळे मिटून आपल्याच साइटवर सभागृहाचं भाडं शोधून बघा. बटणांना नावं नसतील तर तो ‘बटण, बटण, बटण’ एवढंच बोलेल. प्रत्येक अर्थपूर्ण चित्रामागे वर्णनाची एक ओळ आणि प्रत्येक बटणाला नाव, एवढ्याने फार फरक पडतो. माउस धरता न येणाऱ्यासाठी सगळं कीबोर्डवरून चाललं पाहिजे. फक्त रंगावरून अर्थ सांगू नये: आरक्षित तारखा लाल आणि मोकळ्या हिरव्या दाखवल्या तर त्यांवर ‘आरक्षित’, ‘मोकळी’ असंही लिहावं, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं आपल्यात असतात.

हा दयेचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटवून दाखवा असं यंत्र सांगत होतं आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. पापण्या न मिटणारा माणूस असू शकतो हे बांधणाऱ्याच्या ध्यानातच आलं नसेल, तर काय होतं याचं हे उदाहरण आहे.

नंतरचं काम

साइट सुरू झाली की लोकांना वाटतं काम संपलं. रंगनाथन यांचं पाचवं सूत्र ग्रंथालयाला वाढतं शरीर म्हणतं, आणि साइटलाही ते लागू आहे. गणपती होऊन दिवाळी उलटली तरी पहिल्या पानावर ‘आजच नाव नोंदवा’ असतं. ते वाचणाऱ्याचा मग बाकीच्या माहितीवरही विश्वास राहत नाही. वाचनालयाची वेळ बरोबर असली तरी तो फोन करून खात्री करतो. म्हणून प्रत्येक सूचनेला काढायची तारीख आधीच लावून ठेवावी आणि सभागृहाच्या भाड्याखाली ‘हे दर अमुक महिन्यापासून’ असं लिहावं.

हे कोण करणार त्याचं नाव बैठकीच्या वृत्तांतात लिहिलेलं असावं. ‘कार्यकारिणी बघेल’ म्हणजे कुणीच बघणार नाही. आणि दर दोन महिन्यांनी त्या माणसाने बाहेरच्यासारखं साइटवर जाऊन सगळे फॉर्म एकदा भरून बघावेत. सभागृहाच्या चौकशीचा फॉर्म बिनचूक चालत असतो, ‘धन्यवाद’ म्हणत असतो, आणि सगळ्या चौकश्या तीन वर्षांपूर्वीच्या चिटणीसांच्या ईमेलवर जाऊन पडत असतात. तो पत्ता आधी बदलून घ्या.